दुखरा गुडघा

"बैठो टेरेसा, बैठो," म्हणत खदिजाने तिच्यामागे स्टूल सरकवलं आणि हातातला औषधांचा ट्रेही काढून घेतला. "आज से राउंड नहीं. तू टेबल पे बैठ. ऐसे घुटने से कितना चलेगी?"

टेरेसाने आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग खदिजाकडे. खदिजा वॉर्डची हेड सिस्टर, मूळची बहरीनचीच, आणि टेरेसाची जिवलग मैत्रीण. भारतीय नर्सेसच्या संगतीत शिकलेली हिंदी ती बिनदिक्कत बोलायची. थट्टा करत असेल, असं टेरेसाला वाटलं. पण खदिजाच्या चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं.

"कौनसा घुटना?"

"थॉमस ने फोन किया ना कल. बोला, टेरेसा का घुटना खराब, सायकल मना. नजीब ने तुम दोनों का नाम काट दिया. मफी मुश्किल, कोई बात नहीं, अगले साल जाना, इंशाल्ला."

टेरेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खदिजाचा नवरा नजीब विमान कंपनीच्या ऑफिसात होता. हिवाळ्यात त्यानेच कुठून तरी डॅन्यूब नदीचा नकाशा आणला होता. तीन जोडप्यांनी सप्टेंबरात जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नाला जायचं, नदीकाठाने, सायकलवर, रोज नव्या गावात मुक्काम करत. खदिजा आणि नजीब, फार्मसीतली अख्तरुन्निसा आणि तिचा नवरा वली, टेरेसा आणि थॉमस. लीव्ह मिळावी म्हणून टेरेसाने नाताळची सुट्टी सोडून दिली होती. दर शुक्रवारी सकाळी समुद्राकाठच्या झल्लाक गावच्या रस्त्यावर सराव चाले. थॉमस सायकलला हात लावत नसे. तो सँडविच आणि थर्मास घेऊन मागून गाडी हाकत येई आणि म्हणे, "आम्हा वसईकरांना सराव कसला शिकवता?" सगळे हसत.

टेरेसाही हसे. वसईत गिरीजहून पापडीच्या शाळेत ती सायकलनेच गेली होती, धाकट्या बहिणीला कॅरिअरवर बसवून. बहरीनला आल्यापासून पाय फक्त वॉर्डातल्या फरशीवर झिजले. झल्लाकला पहिल्या शुक्रवारी ती दोनदा कलंडली, आणि तिसऱ्यांदा बसली ती समोरच्या खारट वाऱ्याला न जुमानता सुटलीच. इतकी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती. हे थॉमसला दिसलं नव्हतं का? चांगलं दिसलं होतं!

संध्याकाळी घरी, नईम भागात सोडणाऱ्या हॉस्पिटलच्या बसमध्ये ती धुमसत बसली. सीटवर सरकून जागा करणाऱ्या केरळच्या सिस्टरनेही विचारलं, "नी पेन कैसा है?" म्हणजे बातमी सगळीकडे झाली होती. मुलीचं लग्न परस्पर ठरवणारे बाप टेरेसाने पाहिले होते. बायकोचा गुडघा परस्पर दुखवणारा नवरा मात्र ती पहिलाच पाहत होती.

थॉमस स्वयंपाकघरात सुरमई साफ करत होता. तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"माझा गुडघा कधीपासून दुखतो?"

त्याचा हात थांबला. "अगं, आईचा विचार केला मी. सुट्टीत घरी यायचं सोडून आपण..."

"आईंना मी गेल्या नाताळात फोनवरच सांगितलंय. फोटो आण म्हणाल्या."

"थंडी असते तिकडे."

"सप्टेंबरात?"

"आणि लोक काय म्हणतील? पँट घालून गावोगाव..."

"खदिजा चालते, अख्तरुन्निसा चालते, मीच तेवढी चालत नाही? जायचं नव्हतं तर तुझं नाव काढायचंस. माझ्या पायांवर खोटं बोलायचा अधिकार तुला दिला कोणी? दिवसभर मला पांगळ्यासारखं बसवून ठेवलं त्यांनी!"

थॉमसने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात काहीतरी पुटपुटला.

"काय?"

त्याने नळ बंद केला. "मला सायकल येत नाही."

टेरेसा बघतच राहिली. वसईत पोर पाळण्यातून उतरतं ते सायकलवर चढतं. पाद्रीसुद्धा झगा सावरत सायकल मारतात. आणि हा?

"बाबा त्यांच्या सायकलला हात लावू देत नव्हते," तो भांड्यातल्या माशाकडे बघत म्हणाला. "नंतर मिशी फुटली. मिशी फुटलेल्या माणसाने कोणाला सांगायचं, मागून धर म्हणून?"

तिला त्याची कीव आली. पण राग गेला नाही, उलट वाढला. दहा वर्षं एका ताटात जेवणाऱ्या बायकोलाही याने सांगितलं नव्हतं.

"मला सांगायचंस."

"तुला? तू झल्लाकच्या रस्त्यावर सगळ्यांसमोर हसली असतीस."

हे तिला फार लागलं. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने फोनची डायल फिरवायला सुरुवात केली. थॉमस ओल्या हातांनी मागे धावला. "टेरेसा, कोणाला करतेस? खदिजाला? तिला सांगू नकोस. नजीब गावभर करेल. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तिने हाताने त्याला गप्प केलं.

"खदिजा? टेरेसा बोल रही हूँ. थॉमस ने कल फोन पे सब उल्टा कर दिया. मेरा नाम वापस लिखो, मैं आ रही हूँ. हाँ, अकेली. घुटना मेरा नहीं, उसका खराब है."

पलीकडे खदिजा हळहळत होती, ते थॉमसलाही ऐकू आलं. टेरेसाने रिसीव्हर ठेवला आणि त्याच्याकडे वळली.

"उद्यापासून लंगडायला लाग."