तीन दातांची पट्टी

बस शारीक, विमानाला वेळ आहे, एक किस्सा सांगतो. आपला मुस्तफा इथल्या शराफिया बाजारात भरतकाम करतो. एका इंग्रज सायबाच्या आज्याला राजदरबारानं दिलेली घराण्याची ढाल, म्हणजे त्यांचं मानचिन्ह, तो त्यांच्या कोटांच्या खिशावर भरायचा. थोरल्या मुलाच्या ढालीवर मात्र तीन दातांची पट्टी. बाप जिवंत असेपर्यंत ती ठेवायची, बाप गेला की उसवायची, अशी त्यांची रीत. “गोऱ्यांची एकेक खुळं!” मुस्तफा हसायचा. परवा मुलगा कोट घेऊन आला. “चाचा, पट्टी काढा. डॅडी गेले.” मुस्तफानं कात्री त्याच्याच हातात दिली. “तूच उसव, बेटा.” पोरगं रडत टाके काढत होतं आणि मुस्तफाला त्याचा हेवा वाटला. गेल्या महिन्यात रत्नागिरीत मुस्तफाचे अब्बा वारले. इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, संपलेला; त्याशिवाय देश सोडू देत नाहीत, ह्याला मातीला जाताच आलं नाही. तू तिकडेच चाललायस ना? त्यांच्या कबरीवर ह्याच्या नावानं मूठभर माती टाक.