लाल कुठे संपतो

"लाल आणि हिरवा?" मी तेजलच्या कानाशी पुटपुटले. "अगं, सरांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत! कुणी सांगितलं नाही तुला?"

लॅबमध्ये नवीनच आलेल्या तेजलचा चेहरा उतरला. पण चित्र पडद्यावर आलं होतं. औषध दिलेल्या यकृतातली एकेक पेशी म्हणजे एकेक ठिपका, असे लाखभर ठिपके. सारख्या वागणाऱ्या पेशी एकमेकींजवळ, आजारी लाल आणि निरोगी हिरव्या. रंगांवरून दोन्ही गट सरळसरळ वेगळे दिसत होते. म्हणजे आजारी पेशी आजारीच राहिल्या होत्या. सगळ्यांची मेहनत पाण्यात.

कुलथे सर उठून पडद्याजवळ गेले.

"काय सुंदर रस्ता आहे हा!"

"सर, रस्ता नाही, दोन गट आहेत," मी म्हटलं. "रंगांमुळे तुम्हाला..."

"मग रंग काढ की."

तेजलने रंग काढले. सगळे ठिपके राखाडी झाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपक्यांची सलग वाट होती. तेजलने घाईघाईने औषधाआधीचं चित्रही राखाडी करून शेजारी लावलं. त्यात मधली जागा रिकामी होती; वाटेवरच्या या पेशी औषधानंतरच आल्या होत्या.

सर तिच्याकडे वळून हसले. "आता दाखव, तुझा लाल कुठे संपतो?"

तेजलने आजारी पेशींवर बोट ठेवलं. थोडं पुढे सरकवलं, आणखी थोडं. ते थांबलं, तेव्हा निरोगी पेशींत पोचलं होतं.