जुन्या गाडीचा सीटबेल्ट

अहमदपूरहून तनुजा आणि बजरंग लातूरला किशनरावांची बारा वर्षं जुनी गाडी बघायला आले होते. इंजिन ठणठणीत होतं, पत्रा नव्यानं रंगवलेला. टायर तेवढे गुळगुळीत, पण किंमत परवडणारी होती. बजरंगनं चावी हातात घेतली आणि तनुजानं पुढच्या सीटवर बसून सीटबेल्ट ओढला. निम्म्यावर तो कापून पुन्हा काळ्या दोऱ्यानं शिवलेला होता. ती शिवण बोटानं चाचपत तिनं विचारलं, "काका, हे काय हो?" किशनराव खाली बघत म्हणाले, "उंदरानं कुरतडला असंल." तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. तिच्या गळ्यापासून खांद्यापर्यंत रुंद व्रण होता. "उंदीर न्हाई, ताई," ती शांतपणे म्हणाली. "मला बाहेर काढायला लोकांनी कापला. आमचे मालक आतच राहिले." तनुजानं बेल्ट सोडला आणि ती गाडीतून उतरली. किशनरावांनी पुढं होऊन बजरंगच्या हातातली चावी काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या, ही गाडी मला इकायची न्हाई."