बुरशीचं खाद्य

स्टुलावर बसलेल्या बाईची मान लालबुंद झाली होती. लॅबवाल्या ताईने चिकटपट्टीने मानेवरचे पापुद्रे उचलले, वर पाहिलं, तेव्हा कुठे ओळख पटली. ही तर केकच्या दुकानाची मालकीण.

मालकिणीने तिला ओळखलं नाही. ओळखणार कुठून? दोन वर्षांपूर्वी ताई तिथे कामाला असलेल्या धाकट्या बहिणीला घ्यायला गेली होती, पण दाराशीच थांबली होती. धाकटीच्या मानेवर एक्झिमा. भर गिऱ्हाइकांत ही बया तिला म्हणाली होती, "ही कातडी बघून केक कोण खाईल?" धाकटीने त्या दिवशी उतरवलेला ॲप्रन पुन्हा घातला नाही. घरीसुद्धा केकवर फुलं काढायची क्रीमची पिशवी हातात धरली नाही.

ताईने ते गिळलं होतं, पचवलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये बुरशी निघाली. चौथ्या दिवशी तो घ्यायला आलेल्या मालकिणीने विचारलं, "घरगुती काही उपाय असेल का हो?"

आता सापडलीस, ताईच्या मनात आलं. ही बुरशी तशी सगळ्यांच्याच कातडीवर मुकाट नांदते, काहींचं अंग मात्र तिच्यावर उखडतं. तिचं खाद्य म्हणजे तेल. लॅबमध्येही बशीत तेल ओतल्याशिवाय ती उगवायचं नाव घेत नाही.

ताईने त्याच तेलाची बाटली भरून दिली. "रोज मानेला चोळायचं. आधी खाज वाढेल, मग उतरेल. मध्येच थांबायचं नाही."

पंधरा दिवसांनी मालकिणीचा फोन आला. लाली फारच वाढलीय, चालू ठेवायचं का?

"दुप्पट लावायचं," ताई म्हणाली. तिच्या जिवाला असा थंडावा कित्येक दिवसांत मिळाला नव्हता.

घरी धाकटी ताटलीवर क्रीमची फुलं काढत गुणगुणत होती. ताईला भरून आलं. आज सगळंच मनासारखं होत होतं. धाकटीचा घसा तेवढा बसला होता म्हणे, आठवडाभर मफलर सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाजवताना धाकटीचा मफलर सुटला. मान सोलल्यासारखी झाली होती.

"रागावू नकोस ताई, कामावर गेल्यावरच सांगणार होते," धाकटी म्हणाली. "मालकीणबाई आल्या होत्या. स्वतःला झाल्यावर कळलं म्हणाल्या, माफी मागितली. मान बरी झाली की ये म्हणाल्या. त्यांना लॅबमधून मिळालेलं तेलसुद्धा मलाच दिलं, तुला जास्त गरज आहे म्हणून. आधी खाज वाढते, मग उतरते. काल त्यांनी माझ्यासाठी लॅबला फोन करून विचारलं, तेव्हापासून दुप्पट लावतेय."