सारख्याच दोन नळ्या

"बासुंदी करतेस का गं? काय वास सुटलाय!" शेजारच्या टेबलावरून मानसी हसली.

निमिषची आई प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये दुधाची पावडर ढवळत होती. बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं कापतं आणि दुधाळ ताटलीत पारदर्शक कडं उमटतं. त्याच ताटल्यांची ही तयारी. तिनं वास घेतला. गोडसर. निमिषच्या तोंडाला येतो तोच.

तिचा हात थांबला. बाळाची पावडरही ती प्रयोगशाळेतल्या कोऱ्या नळीतच भरायची. स्वच्छ, घट्ट झाकणाची, मापाच्या रेघांची. म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली होती; पाळणाघरात गेली ती दुसरी, 'खाण्यासाठी नाही' असं छापलेल्या डब्यातली!

फोन कुणी उचलेना. हातमोजे, अ‍ॅप्रन भिरकावून ती धावत सुटली.

"दूध दिलंत त्याला?" तिनं दारातूनच विचारलं.

पाळणाघरातल्या कुसुमताई ओशाळल्या. "एक घोट घेतला नि फुर्रकन उडवला माझ्या अंगावर. मग भाताची पेज भरवली. तुम्ही दुधाशिवाय काही देऊ नका म्हणाला होतात, रागावू नका हं."

निमिषच्या हनुवटीवर पेज वाळली होती. त्याला कुशीत घेऊन तिनं तिथंच फतकल मारली.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "उरलीय का थोडी? मलाही द्या."