घोलपांची प्रत

दिवाकर घोलप अहवालाची प्रत घेऊन टेबलापाशी आले, तेव्हाच ते काय विचारणार हे हेमांगीबाईंना ठाऊक होतं.

“मॅडम, वसतिगृहाचं छत धोकादायक आहे हे खात्याला वर्षभर आधी कळवलं होतं? माझी रेवती त्याच छताखाली गेली हो! आम्हाला अपघात म्हणून सांगितलं.”

हा सलग नववा दिवस होता. अहवाल फुटू नयेत म्हणून लेखापरीक्षा कार्यालयातल्या संपादकांच्या डोक्यातून दिवसभराचं काम संध्याकाळी यंत्राने पुसलं जाई. पर्यवेक्षक म्हणून बाईंना तेवढी सूट होती. हा अहवाल दुसऱ्या कुणाला द्या, असं त्यांनी दोनदा वर लिहून पाठवलं होतं. माणसं कमी आहेत, असं उत्तर आलं.

संध्याकाळी घोलप यंत्राखाली बसले आणि शांत होऊन घरी गेले. बाईंनी त्यांच्या प्रतीतून वसतिगृहाचं नाव, गाव आणि दुर्घटनेची तारीख खोडली आणि मृत मुलींच्या यादीचं पान काढून घेतलं.

सकाळी घोलपांनी वसतिगृहाचा तो परिच्छेद बारकाईने तपासून एक स्वल्पविराम बदलला.

“फार वाईट झालं, मॅडम. कुणाच्या मुली असतील हो ह्या?”

“नावं आलेली नाहीत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.