मऊ पितळेची पिन

तळाचा स्क्रू सुटला आणि बोटीच्या मोटरीने भडाभडा ओकावं तसं आतलं तेल तिच्या मनगटावर आलं. राखाडी, चिकट, शेंबडासारखं. चाळीस वर्षांचं खारं पाणी त्यात कुजलं होतं.

"शी, शी, शी!" तिने हात झटकला. "अहो, मेलेलं जनावर फाडल्यासारखा वास येतोय."

"जुनी मोटर आहे, अत्तराची बाटली नव्हे," नवरा म्हणाला.

तो शेडच्या दारात उजेडाला खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मोटरीचं वरचं झाकण. लाल रंगाचे दोन हात कालच देऊन झाले होते. आता तो बारीक ब्रशने त्यावर पांढरी अक्षरं काढत होता. बगळा.

बगळा म्हणजे तिचा चाळीस वर्षांपूर्वी बुडालेला धाकटा भाऊ. लांब तंगड्या, गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभा राहायचा, म्हणून घरात सगळे त्याला बगळाच म्हणत. उद्या बोट क्लबचे लोक मोटर न्यायला येणार होते. धक्क्यावरच्या ऑफिसात ती बगळ्याच्या नावाने मांडायची आणि नवऱ्याने चार शब्द बोलायचे, असं ठरलं होतं.

घाण तिच्या वाट्याला, रंग त्याच्या. लग्न झाल्यापासून कामाची वाटणी अशीच होती. काल झाकणाखालचं उंदराचं घरटं तिनेच उपसलं होतं, वाळून कोळ झालेल्या पिलांसकट. रात्री तिला जेवण गेलं नव्हतं. पण भावाचं काम होतं, म्हणून ती आज पुन्हा पदर खोचून बसली होती.

"ऐक, असं सुरू करतो." नवऱ्याने घसा साफ केला. "बगळा पाण्यात पडला. मी मागे पाहिलं, तर त्याचा हात वर. मी तत्क्षणी बोट वळवली. आणि खट्! पंखा खडकाला लागला, पिन तुटली." ब्रश हवेत थांबला. "इथे जरा थांबायचं. मग पिनचं सांगायचं. ती मुद्दाम मऊ पितळेची करतात. दणका बसला की तीच आधी तुटते, आतली चाकं वाचतात. पण मग इंजिन नुसतं बोंबलतं, पंखा फिरत नाही. जवळ दुसरी पिन नाही. वारा मला किनाऱ्याकडे ढकलतोय, आणि तो तिकडे..."

त्याचा आवाज भरून आला. दरवेळी इथेच भरून यायचा. तिचेही डोळे दरवेळी इथेच भरून यायचे. आत्ताही आले. हात बरबटलेले, म्हणून तिने दंडाने पुसले.

"आणि शेवटी म्हणायचं, त्या दिवशी ही मोटर टांगली ती टांगली. आजवर हिला पानाही लावला नाही."

ते मात्र खरं होतं. घरी आल्यावर त्याने आधी मोटर शेडमध्ये टांगली होती, मग तिला सांगितलं होतं.

"पंखा निघाला की पिनचे तुकडे जपून काढ हं. डबी ठेवलीय बघ तिथे. काचेखाली ठेवू, लोकांना दिसू देत."

डबी तिच्या कानातल्यांची होती. आत त्याने कापूसही घातला होता.

पंख्यामागे गळाची दोरी गुंडाळून गच्च बसली होती, तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि काळा गाळ. ती नखांनी, सुरीने, जुन्या टूथब्रशने कोरत राहिली. रॉकेल ओतलं. लाकडाच्या ठोकळ्याने चौथ्यांदा ठोकल्यावर पंखा सुटून हातात आला. दांड्याच्या भोकात तिने खिळा घातला आणि हलकेच टोला दिला.

पिन तिच्या तळव्यावर पडली. पेरभर लांब, सरळ, अख्खी.

तिने ती फडक्याने पुसली. भोकातून आरपार पाहिलं. आत आणखी काही नव्हतं.

"निघाले का तुकडे?"

ती उठली आणि पिन त्याच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवली.

"अख्खी आहे."

त्याने चष्मा वर केला, खाली केला. ब्रशचा पांढरा थेंब पँटवर पडला, ते त्याला कळलं नाही.

"दुसरी कुठली तरी असेल."

"पंख्यातून काढली. पाना तर कधी लावलाच नव्हता ना?"

तो झाकण खाली ठेवून उठला. पिन टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात अर्धी आवळली आणि हातोडी घेतली. पहिल्या घावाला ती वाकली. तिसऱ्याला तुटली. खाली पडलेला अर्धा भाग त्याने वाकून शोधला, फुंकर मारली, दोन्ही तुकडे डबीतल्या कापसावर शेजारी शेजारी मांडले.

"अशी काय बघतेस?" तो वैतागून म्हणाला. "बोट वळवली असती तर तुटलीच असती."

डबीचं झाकण टक् करून लागलं.

   तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. फडक्यांच्या ढिगातून एक स्वच्छ फडकं शोधलं, रॉकेलमध्ये बुडवलं आणि मोटरीच्या लाल झाकणापाशी खाली बसली.

अक्षरं अजून ओली होती. तिने एकेक करून ती पुसली, लेकराचं तोंड पुसावं तशी.

मग ब्रश उचलून त्याच्यापुढे धरला.

"घ्या. आता तुमचं नाव लिहा."